तीन पहिल्या फेऱ्यांचे कलम

अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह निवृत्ती मोडून परत येण्याच्या विचारात आहे, अशी बातमी ईएसपीएन वाहिनीने २ जुलै २००८ रोजी दिली. फार्व्हने लगेच बिलॉक्सीच्या ‘सन हेरल्ड’ या आपल्या भागातल्या वर्तमानपत्राला मोबाइलवर संदेश पाठवून सांगितले, की या सगळ्या अफवा आहेत. नऊ दिवसांनी, ११ जुलैला, त्याचा एजंट बस कुक याचे पत्र ग्रीन बे पॅकर्सच्या कचेरीत पोहोचले. मागणी एवढीच होती, की फार्व्हला करारातून विनाअट मोकळे करावे. ज्याच्याबद्दल अफवा होती त्यानेच ती खोटी ठरवली होती, आणि नंतर त्याच्याच बाजूच्या पत्राने ती खरी ठरवली. पुढच्या चार आठवड्यांत जे घडले ते वाचताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते. या प्रकरणात माणसांच्या तोंडी शब्दांना फारशी किंमत नाही.

कागद मात्र भरपूर आहेत. दोन्ही बाजूंची पत्रके आहेत, मुलाखती आहेत, लीगची निवेदने आहेत, ड्राफ्टची यादी आहे, सौद्याची कलमे आहेत. सामन्यांचे निकाल तर आहेतच. त्या वर्षी आपल्याकडे आयपीएलचा पहिलाच हंगाम नुकता संपला होता आणि खेळाडूवर बोली लागते याचेच नवल ओसरले नव्हते. अमेरिकन फुटबॉलमधला ट्रेड त्याहून वेगळा. तिथे खेळाडूच्या बदल्यात सहसा रोकड मोजत नाहीत. दुसरा खेळाडू देतात, किंवा ड्राफ्टमधला हक्क देतात. दर एप्रिलमध्ये कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड होते. सात फेऱ्या, बत्तीस संघ, आणि आदल्या हंगामात जो तळाला त्याची पाळी आधी. पहिल्या फेरीतला हक्क हा या बाजारातला सर्वांत मोठा शिक्का. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चालीची सुरुवात ज्याच्या हातून होते तो खेळाडू. संघाची नाडी त्याच्या हातात, त्यामुळे त्याच्याबद्दलची अफवा सर्वांत लवकर पिकते.

फार्व्ह ग्रीन बेला आला तोही ट्रेडनेच. १९९२ मध्ये अटलांटा फाल्कन्सला पहिल्या फेरीतला एक हक्क देऊन पॅकर्सने हा जवळजवळ न खेळलेला पोरगा घेतला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून २००७ च्या हंगामाअखेर त्याने साखळीतला एकही सामना चुकवला नाही. सलग २५३ सामन्यांत तो पहिल्या चालीपासून मैदानात होता. २००१ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. हा करार या कथेतले मुख्य पात्र आहे, कारण निवृत्त झालेला खेळाडू कराराची मुदत संपेपर्यंत संघाचाच राहतो. लीगच्या दप्तरात त्याचे नाव ‘रिझर्व्ह, रिटायर्ड’ या यादीत जाते, इतकेच. म्हणजे फार्व्हला पुन्हा खेळायचे तर परवानगी लीगची हवी, आणि कुठे खेळायचे ते ठरवणार पॅकर्स.

२० जानेवारी २००८ ला लॅम्बो फील्डवर, उणे अठरा अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत, न्यूयॉर्क जायंट्सने पॅकर्सना जादा वेळेत २३-२० असे हरवले. फार्व्हने टाकलेला शेवटचा पास जायंट्सच्या कोरी वेबस्टरने मधल्या मध्ये पळवला होता. सुपर बोल या अंतिम सामन्याची वाट तिथेच बंद झाली. ४ मार्चला निवृत्तीची बातमी आली, ६ मार्चला डोळे पुसत पुसत पत्रकार परिषद झाली. खेळता येते, पण खेळावेसे वाटत नाही, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ होता. अडतिसाव्या वर्षी, तेरा विजयांचा हंगाम पदरी असताना, हे कारण कुणालाही पटण्यासारखे होते.

मार्च संपत आला तेव्हा त्याचे मन फिरले. परत यायची इच्छा त्याने मुख्य प्रशिक्षक माइक मॅकार्थी यांच्या कानावर घातली. संघाचे लोक बोलणी पक्की करायला विमानाने मिसिसिपीला त्याच्या घरी जायचे ठरले, आणि निघायच्या आधीच फार्व्हचा निरोप आला, की राहू द्या, मी निवृत्तच राहतो. या प्रसंगाबद्दल पुढे दोन्ही बाजू बोलल्या आणि मुख्य गोष्टीत त्यांचा मेळ बसतो. भांडणाऱ्या दोन पक्षांच्या जबानीत जे समान निघते ते घट्ट धरावे. शिवाय यातली फिरवाफिरव फार्व्हला कमीपणा आणणारी आहे, तरी त्याने ती नाकारली नाही. म्हणून मार्चअखेरचा हा प्रसंग मी पक्का मानतो. फार्व्हची तक्रार वेगळी होती. निर्णय लवकर सांग म्हणून संघाने आपल्यावर दबाव आणला, असे त्याचे म्हणणे. दबाव असणारच, नवे खेळाडू घ्यायचा काळ तेव्हा फेब्रुवारीअखेर उघडत असे आणि क्वार्टरबॅक आहे की नाही हे ठाऊक नसताना कुठला व्यवस्थापक पैसे वाटेल?

एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट झाला. पॅकर्सने दुसऱ्या फेरीत ब्रायन ब्रोम आणि सातव्या फेरीत मॅट फ्लिन, असे दोन क्वार्टरबॅक एका दमात घेतले. आधीच्या तीन हंगामांत फार्व्हच्या मागे बाकावर बसलेला ॲरन रॉजर्स तर होताच. त्याला २००५ च्या पहिल्या फेरीत, चोविसाव्या क्रमांकावर घेतले होते. संघाने फार्व्हचा विषय कधी मिटवला, या प्रश्नाला पुढे अनेकांनी अनेक उत्तरे दिली. मला ही यादी पुरेशी वाटते. दुसऱ्या फेरीतला मोलाचा हक्क राखीव क्वार्टरबॅकवर कुणी उगाच घालवत नाही. त्यांनी एप्रिलमध्ये घर आवरून टाकले होते. हंगामाच्या सलामीला, ८ सप्टेंबरला, फार्व्हचा चार क्रमांकाचा अंगरखा समारंभाने निवृत्त करायचेही ठरले होते. समोरचा संघ होता मिनेसोटा वायकिंग्ज.

वायकिंग्ज म्हणजे शेजारच्या राज्यातले प्रतिस्पर्धी, एकाच गटातले. वर्षातून दोनदा गाठ ठरलेली. त्यांचा बचाव भक्कम होता, क्वार्टरबॅकची जागा कच्ची होती. आक्रमणाचे सूत्रधार डॅरेल बेव्हेल हे काही वर्षांपूर्वी पॅकर्सकडे क्वार्टरबॅकांचे प्रशिक्षक होते आणि फार्व्हशी त्यांची चांगली ऊठबस होती. जुलैत बस कुकने ‘विनाअट’ हा शब्द लिहिला तेव्हा ग्रीन बेच्या कचेरीत त्याचा एकच अर्थ लागला असणार. मोकळा झालेला फार्व्ह थेट मिनिआपोलिसला जाणार.

१२ जुलैला महाव्यवस्थापक टेड थॉम्पसन आणि मॅकार्थी यांनी उत्तर दिले. सोडणार नाही. यायचे तर या, पण भूमिका पूर्वीची नसेल. सभ्य भाषेत याचा अर्थ असा, की लीगच्या इतिहासात सर्वाधिक टचडाउन पास देणाऱ्याने रॉजर्सच्या मागे बाकावर बसायचे. १४ आणि १५ जुलैला फार्व्हची मुलाखत फॉक्स न्यूजवर दोन भागांत दाखवली गेली. घेणाऱ्या ग्रेटा व्हॅन सस्टरेन मूळच्या विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटनच्या, म्हणजे ग्रीन बेच्या शेजारच्या, आणि पॅकर्सच्या चाहत्या. एरवी राजकारणावर बोलणाऱ्या या बाईंकडे क्रीडाविभागातली मातब्बर मंडळी सोडून फार्व्ह का गेला असेल, याचा ज्याने त्याने तर्क करावा. मुलाखतीत त्याने जुनी गाऱ्हाणीही काढली. त्यातले एक रँडी मॉस या झेलपटूचे. आदल्या वर्षी तो पॅकर्सने घ्यावा म्हणून फार्व्ह मागे लागला होता. न्यू इंग्लंडने त्याला ओकलंडकडून चौथ्या फेरीतला एक हक्क देऊन उचलले.

१६ जुलैला पॅकर्सने लीगकडे तक्रार केली, की आमच्या करारातल्या खेळाडूशी वायकिंग्जने परस्पर संधान बांधले. मग अफवांना ऊत आला. संघाने दिलेल्या मोबाइलवरूनच फार्व्ह वायकिंग्जच्या लोकांशी बोलत होता, असेही छापून आले. ऑगस्टमध्ये लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी निकाल दिला, की नियमभंग झालेला नाही. निकाल जाहीर झाला, चौकशीची कागदपत्रे झाली नाहीत. तेव्हा मोबाइलची गोष्ट मी बाजूला ठेवतो. एवढेच म्हणता येते, की तक्रार करणाऱ्याला भीती कुणाची होती ते त्या तक्रारीवरून कळते.

पॅकर्सचे एक वैशिष्ट्य इथे सांगायला हवे. या संघाला एकच एक मालक नाही. १९१९ मध्ये स्थापन झालेला हा संघ भागधारकांचा आहे; तेव्हा ते लाखभर होते. शेअर विकता येत नाही, लाभांश मिळत नाही, भिंतीवर लावायला कागद तेवढा मिळतो. म्हणून दरवर्षी वार्षिक सभा होते आणि जमाखर्च लोकांसमोर ठेवावा लागतो. लीगमधला दुसरा कुठलाही संघ असे करत नाही. त्या वर्षीची सभा २४ जुलैला लॅम्बो फील्डवर भरली. अध्यक्ष मार्क मर्फी यांना खुर्चीवर बसून सहा-सात महिनेच झाले होते आणि समोर फार्व्हच्या नावाचे अंगरखे घातलेले मालक बसले होते.

२९ जुलैला फार्व्हने पुन्हा सामावून घेण्याचा अर्ज लीगला फॅक्सने धाडला. दुसऱ्याच दिवशी मर्फी मिसिसिपीला गेले. फार्व्हने निवृत्त राहावे आणि संघाशी जाहिरात-प्रसिद्धीचा दीर्घ करार करावा, असा प्रस्ताव त्यांनी नेला. दहा वर्षांत दोन कोटी डॉलरच्या घरातला हा आकडा वर्तमानपत्रांत फिरला. खेळू नये म्हणून एवढे पैसे! चाहत्यांनी याला लाच म्हटले. शब्द जहाल आहे, पण एखाद्याला बाकावर बसवण्यापेक्षा घरी बसवणे स्वस्त पडेल, हा हिशेब त्यामागे होता हे नाकारता येत नाही. त्या हंगामाचे फार्व्हचे ठरलेले मानधन १ कोटी २० लाख डॉलर होते.

प्रस्ताव बारगळला. ४ ऑगस्टपासून फार्व्हचे नाव पुन्हा खेळाडूंच्या यादीत आले. आदल्या संध्याकाळी तो ग्रीन बेला उतरला, तेव्हा लॅम्बोवर संघाचा कौटुंबिक सराव-सोहळा चालू होता. तिथे रॉजर्सला टाळ्याही मिळाल्या आणि हुर्योही. या माणसाची चूक काय होती? तीन वर्षे गप्प बसून पाळी येण्याची वाट पाहिली, एवढीच. ४ तारखेला मॅकार्थी आणि फार्व्ह तासन्‌तास बंद खोलीत बोलत बसले. ५ ऑगस्टला मॅकार्थी पत्रकारांपुढे आले आणि म्हणाले, की इथे खेळण्यासाठी जी मनःस्थिती लागते ती फार्व्हची आज नाही. त्या खोलीत नेमके काय बोलणे झाले याबद्दल नंतर बरेच लिहिले गेले; आत दोघेच होते, तेव्हा त्या लिखाणाचे वजन बखरीइतकेच धरावे.

उरले होते दोन गिऱ्हाईक. टँपा बे बकानीअर्सचे प्रशिक्षक जॉन ग्रुडेन हे १९९२ मध्ये पॅकर्सच्या प्रशिक्षकवर्गात होते, म्हणून अफवांचा कौल टँपाच्या बाजूने होता. ६ ऑगस्टच्या रात्री सौदा झाला तो न्यूयॉर्क जेट्सशी. जेट्स दुसऱ्या परिषदेतले, म्हणजे सुपर बोलखेरीज पॅकर्सच्या वाटेत यायची शक्यता जवळजवळ नाही. आणि आता कलमे, सावकाश वाचावीत अशी.

पॅकर्सला २००९ च्या ड्राफ्टमधला जेट्सचा चौथ्या फेरीतला हक्क मिळेल. फार्व्ह संघाच्या निम्म्या चाली खेळला, तर तो तिसऱ्या फेरीतला होईल. सत्तर टक्के खेळला आणि जेट्स बाद फेरीत पोहोचले, तर दुसऱ्या फेरीतला. ऐंशी टक्के खेळला आणि जेट्स सुपर बोलला पोहोचले, तर पहिल्या फेरीतला. आणि जेट्सने त्याला पुढे वायकिंग्जना दिले, तर पॅकर्सला पहिल्या फेरीतले तीन हक्क द्यावे लागतील.

शेवटचे कलम तेव्हाच्या बातम्यांत आले. पहिल्या फेरीतला हक्क संघाला वर्षाला एकच मिळतो. तीन म्हणजे तीन वर्षांची उमेद. ज्या खेळाडूची उघड किंमत चौथ्या फेरीइतकी, त्याच्यावर एका विशिष्ट शेजाऱ्याच्या नावाने हा दंड. जुलैभर पॅकर्स म्हणत होते, की आम्ही पुढे निघून गेलो आहोत, विषय रॉजर्सवरच्या विश्वासाचा आहे. तो विश्वास खराच होता. ऑक्टोबरअखेर त्यांनी रॉजर्सशी लांब मुदतीचा नवा करारही केला. पण फार्व्ह संपला आहे असे त्यांना वाटत असते, तर तो मिनेसोटाला गेल्याने त्यांचे काय बिघडणार होते? अडतीस वर्षांचा हा गडी अजून आपल्याला हरवू शकतो, हे ग्रीन बेमध्ये सर्वांत नीट जाणणारे लोक त्याला घालवणारेच होते. हे त्यांनी कुठल्याही पत्रकात लिहिले नाही, तहात लिहिले.

जेट्सने जागा करण्यासाठी आपला जुना क्वार्टरबॅक चॅड पेनिंग्टन याला मोकळे केले आणि मायामी डॉल्फिन्सने त्याला लगोलग उचलले. फार्व्ह आल्यावर पहिले अकरा सामने झकास गेले, आठ जिंकले, तीन हरले. मग गाडी रुळावरून घसरली. उरलेल्या पाचांत फार्व्हचे टचडाउन पास दोन, आणि प्रतिपक्षाच्या हातात गेलेले नऊ. २८ डिसेंबरला जेट्सच्याच मैदानावर डॉल्फिन्सने त्यांना २४-१७ असे हरवले आणि गटाचे विजेतेपद नेले. डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक पेनिंग्टन होता. जेट्स ९-७ वर अडकले, बाद फेरी हुकली. चालींची अट पुरी झाली होती, संघाची झाली नाही, म्हणून पॅकर्सचा हक्क तिसऱ्या फेरीवर थांबला.

त्या पाच सामन्यांत काय झाले हे शोधायला गेलो, तर सर्वांत अधिकृत कागदच दगा देतो. प्रत्येक संघाला दर आठवड्याला जायबंदी खेळाडूंचा अहवाल लीगला द्यावा लागतो. डिसेंबरातल्या जेट्सच्या अहवालांत फार्व्हच्या दंडाच्या दुखापतीचा उल्लेख नव्हता. पुढच्या वर्षी त्यानेच सांगितले, की दंडाचा स्नायूबंध फाटला होता आणि संघाला ते ठाऊक होते. सप्टेंबर २००९ मध्ये लीगने जेट्सला ७५ हजार डॉलर, महाव्यवस्थापक माइक टॅननबॉम यांना २५ हजार आणि प्रशिक्षक एरिक मँजिनी यांना २५ हजार असा दंड ठोठावला. मँजिनी तोवर क्लीव्हलँडला गेले होते. अस्सल पत्र सापडले की बखरीला रजा द्यावी, हे वि. का. राजवाड्यांनी मराठी वाचकाच्या मनावर पक्के बिंबवले आहे. इथे मात्र अस्सल, वेळेवर दाखल झालेला, सहीशिक्क्याचा कागद जे लपवत होता, ते डिसेंबरात स्टेडियमबाहेर कुजबुजणाऱ्या माणसाला कदाचित आधी कळले असेल. समकालीन असणे हा कागदाचा गुण खरा, पण तो लिहिताना लिहिणाऱ्याचा स्वार्थ कुठे होता हेही तपासावेच लागते.

पॅकर्सचा २००८ चा हंगाम ६-१० असा गेला आणि थॉम्पसनांच्या नावाने विस्कॉन्सिनमध्ये बोटे मोडली गेली. रॉजर्सने मात्र चार हजार यार्डांचा टप्पा ओलांडला होता. तिसऱ्या फेरीतला तो हक्क ड्राफ्टमध्ये ८३ वा क्रमांक ठरला. थॉम्पसनांनी तो आपल्या ४१ आणि ७३ या क्रमांकांसोबत न्यू इंग्लंडला दिला आणि बदल्यात २६ वा व १६२ वा घेतला. सव्विसाव्या क्रमांकावर त्यांनी क्ले मॅथ्यूज हा बचावपटू निवडला. ६ फेब्रुवारी २०११ च्या सुपर बोलमध्ये पिट्सबर्गच्या रशार्ड मेंडनहॉलच्या हातून चेंडू सुटला, तो मॅथ्यूजच्या धडकेने. पॅकर्सने तो सामना ३१-२५ असा जिंकला. सर्वोत्तम खेळाडू रॉजर्स.

राहिले ते कलम. ११ फेब्रुवारी २००९ ला फार्व्ह दुसऱ्यांदा निवृत्त झाला. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये जेट्सने मार्क सँचेझ हा तरुण क्वार्टरबॅक घेतला आणि २८ एप्रिलला फार्व्हला आपल्या निवृत्तांच्या यादीतून मोकळे केले. कलमात बंदी होती ती ट्रेडला. मोकळे करण्याला दंड नव्हता. अख्खा जुलै २००८ ज्या एका शब्दासाठी भांडण झाले, तो शब्द जेट्सने नऊ महिन्यांनी फुकट देऊन टाकला. नावापुढे निवृत्त लिहिलेल्या एकोणचाळिशीच्या माणसाला धरून ठेवण्यात त्यांचे कसलेच हित नव्हते, आणि पॅकर्सचे हित सांभाळणे हे त्यांचे काम नव्हते. तह करणाऱ्याने एक दार कुलूपबंद केले. दुसरे सताड उघडे होते.

१८ ऑगस्ट २००९ ला फार्व्हने मिनेसोटा वायकिंग्जशी करार केला. त्या हंगामात त्याने ३३ टचडाउन पास दिले आणि फक्त सात पास गमावले. इतका काटकसरीचा हंगाम त्याने आयुष्यात कधी खेळला नव्हता. ५ ऑक्टोबरला मिनिआपोलिसमध्ये ३०-२३ आणि १ नोव्हेंबरला खुद्द लॅम्बोवर ३८-२६, असे दोन्ही वेळा त्याने पॅकर्सना हरवले. वायकिंग्ज बारा सामने जिंकून गटात पहिले आले. त्याच्यासाठी त्यांनी ड्राफ्टमधला एकही हक्क कुणाला दिला नाही.